देवीपाशी दोन सेकंद

रावेरचा पंडित बोरोले एकदा आपली बायको भुसावळच्या पेट्रोल पंपावर विसरला होता. म्हणजे झालं असं, की सुनंदाबाई हात धुवायला नळावर गेली, पंडितनं टाकी भरून घेतली, गाडी चालू केली आणि इंजिनाचा आवाज त्याला रोजच्यापेक्षा जरा वेगळा वाटला. तो आवाज ऐकत ऐकत स्वारी निघाली. अकरा किलोमीटरवर आवाजाचं कारण सापडलं. ते सांगायला त्यानं मोठ्या उत्साहानं शेजारी मान वळवली, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ही हकिकत सगळ्या रावेरला तोंडपाठ आहे, कारण सुनंदाबाईनंच ती घरोघर सांगितली.

माणूस वाईट नव्हता. पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. मोटर आली की दुसरा कारागीर जुनी तार काढून नवी गुंडाळायला घेतो. पंडित आधी मोटर कशानं जळाली ते शोधत बसायचा. तिकडे मळ्यात केळी सुकायची, इकडे शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून विड्या ओढायचा आणि पंडित एकेक कॉइल मीटरनं तपासायचा. पण एकदा त्यानं दोष काढला की ती मोटर पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. म्हणून लोक शिव्या देत देत त्याच्याचकडे यायचे.

जळगावच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट त्यानं विकत घेतली होती आणि तिचं इंजिन हौसेखातर तीनदा उघडून पुन्हा बसवलं होतं. रद्दीच्या दुकानातून मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं तो किलोनं आणायचा. इंग्रजी अर्धंच कळायचं. चित्रं मात्र पुरती कळायची. त्यांत मद्रासकडच्या शर्यतीच्या रस्त्याचे फोटो असत. ज्या रस्त्यावर म्हैस आडवी येत नाही, एसटी समोरून येत नाही आणि बैलगाडी मधेच वळत नाही, असा एक रस्ता या देशात आहे, या गोष्टीचं त्याला बारा वर्षं नवल वाटत आलं होतं. आडवं काहीच आलं नाही तर आपली गाडी किती पळेल, एवढंच त्याला मरायच्या आधी पाहायचं होतं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत तो योग आला. धुळ्याच्या काही हौशी मंडळींनी मोटर क्लब काढला आणि शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची शर्यत जाहीर केली. नवा रस्ता झाल्यामुळं ओस पडलेला एक जुना घाट आणि वरून खाली येणारा कालव्याचा रस्ता जोडून तीन किलोमीटरचा फेरा त्यांनी आखला. गाड्या एकदम सोडायच्या नाहीत, एकेक सोडायची आणि वेळ मोजायची. फियाटच्या गटात जो पहिला येईल त्याची गाडी क्लबच्या खर्चानं फेब्रुवारीत मद्रासला जाणार होती.

रावेरात आधी कोणाला हे पटेना. गाडी एकटीच पळणार तर शर्यत कोणाशी, असं जो तो विचारायचा. शेवटी पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानंच उलगडा केला, की हा शंकरपटच आहे. तिथंही जोडी घड्याळाशीच पळते, फक्त इथं बैलांच्या जागी पेट्रोल आहे. मग सगळ्यांना पटलं. सुनंदाबाईला पटवायला मात्र वेळ लागला नाही. ती बरोबर यायला एका पायावर तयार होती, अट एकच, की वाटेत पंपावर तिला उतरायला लावायचं नाही.

शनिवारी सकाळी घाटाच्या पायथ्याला एकोणीस गाड्या जमल्या. त्यांत फियाट आठ. डॉक्टर, बसमालक, कापसाचे व्यापारी, पाटबंधारे खात्यातला एक इंजिनिअर आणि पुण्याहून आलेला एक पाहुणा, अशी सगळी मंडळी कानटोप्या घालून एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून पाहत होती. वेळ लावायला उखर्डूआबा होते. आबांनी तीस वर्षं खानदेशातल्या शंकरपटांना वेळ लावली होती. गळ्यात दोन स्टॉपवॉच, आणि दोन्हींत एका कट्ट्याचा फरक पडला तर जोडी पुन्हा पळवायची, असा त्यांचा दरारा. सेकंदाच्या दहाव्या भागाला ते कट्टा म्हणायचे, आणि दिवस संपेपर्यंत सगळा क्लब कट्टाच म्हणू लागला.

पंडितची पहिल्या दिवसाची उत्तम वेळ लागली दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद आणि दोन कट्टे. त्याच्या खालोखाल धुळ्याचा अभिमन, घरच्या तीन बसगाड्या असलेला, सदा हसरा तरुण गडी. तो चार कट्ट्यांनी मागं होता. म्हणजे पंडित पहिला. रावेरहून आलेल्या दोघा-चौघांनी त्याची पाठ थोपटली, सुनंदाबाईनं घरून आणलेलं भरीत आणि कळण्याच्या भाकरी सगळ्यांना वाढल्या, आणि अभिमननं तीनदा भरीत मागून घेतलं.

पंडितचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. त्यानं गाडीचे गिअर, चाकाचा घेर, रस्त्याची लांबी आणि चढ यांचा हिशेब घरूनच वहीत मांडून आणला होता. त्या हिशेबानं वेळ दोन बेचाळीस यायला हवी होती. दोन सेकंद कुठं तरी सांडत होते. त्यानं कार्बोरेटर उघडून पाहिला, ब्रेक घासतात का म्हणून चाकं हातानं फिरवून पाहिली, टायरमधली हवा मोजली. सगळं जिथल्या तिथं होतं. पहिला आल्याचा आनंद राहिला बाजूला. हे दोन सेकंद जातात कुठं, या एकाच प्रश्नानं त्याला पछाडलं. धर्मशाळेत निजायला गेल्यावरही तो कुशीवर वळून बोटांनी भिंतीवर फेरा काढत होता.

सुनंदाबाईनं थोडा वेळ ते पाहिलं. मग पांघरुणातूनच म्हणाली, "मोटर आली म्हनजे तुमी एकेक कॉइल तपासता. मंग रस्त्याचं बी तसंच करा ना."

पंडित उठून बसला. वीस वर्षं ही बाई दुकानाच्या मागच्या घरात राहून आपलं काम पाहत होती, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी सरावाच्या फेऱ्या होत्या आणि त्यात शेजारी माणूस बसवायला परवानगी होती. उखर्डूआबांनी बरेच आढेवेढे घेऊन एक स्टॉपवॉच दिलं. जुन्या घाटात फर्लांगाचे दगड अजून उभे होते आणि कालव्याच्या रस्त्यावर ठरावीक अंतरानं मोऱ्या होत्या. सुनंदाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन बसली. दर दगडाला ती आकडा लिहायची. पहिल्या दोन वळणांवर तिनं डोळे मिटले, तिसऱ्यापासून उघडे ठेवले. चढ संपून गाडी माथ्यावरच्या सरळ रस्त्याला लागली आणि सातव्या दगडापाशी, घड्याळाकडे न पाहताच, ती म्हणाली, "अठी तुमी पाय उचलता."

पंडितला हसूच आलं. सरळ, रिकाम्या रस्त्यावर पाय कोण उचलेल? तिथं वळण नाही, खड्डा नाही. त्यानं ते उडवून लावलं. पण फेरा संपल्यावर कागद पाहिला तर सातव्या आणि आठव्या दगडांच्या मधेच ते दोन सेकंद स्वच्छ पडलेले होते.

दुसऱ्या फेऱ्याला त्यानं रस्त्यावर एक डोळा ठेवला आणि सगळं ध्यान आपल्या उजव्या पायावर ठेवलं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. सातवा दगड आला. उजव्या हाताला कडुनिंब, त्याच्या बुंध्याशी दगडी ओटा, ओट्यावर शेंदूर लावलेली देवी. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा पाय आपोआप वर आला, अंगठ्यानं हळूच दोनदा हॉर्न दाबला, आणि पाय पुन्हा खाली गेला. तो हॉर्न त्याला काल दिवसभर एकदाही ऐकू आला नव्हता.

मग त्याला सगळं आठवलं. दुकान टाकण्याआधी सहा वर्षं तो काकांच्या केळीच्या ट्रकवर होता. रावेरहून मुंबईला जाताना हाच घाट लागायचा. काकांनी त्याला स्टिअरिंगवर बसवलं ते याच माथ्यावर, आणि पहिली गोष्ट शिकवली ती ही: देवीपाशी पाय हलका करायचा, दोनदा हॉर्न द्यायचा, मग पुढं जायचं. क्लच शिकवला तो त्यानंतर.

त्यानं उखर्डूआबांना विचारलं. आबा म्हणाले, ओट्यामागं विहीर आहे. ट्रकवाले तिथं रेडिएटरला पाणी घालायचे आणि त्यांच्या आधी गाडीवान चढ संपल्यावर बैलांना तिथं दम खाऊ द्यायचे. लोक थांबायचे म्हणून देवी मांडली, की देवी होती म्हणून लोक थांबायचे, हे काही आबांना सांगता येईना. मात्र दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली. काल खाली बसून ते सगळं ऐकत होते. एकोणिसांपैकी अठरा गाड्यांनी माथ्यावर हॉर्न दिला होता. दिला नव्हता तो फक्त पुण्याच्या पाहुण्यानं.

दोष सापडला होता. पंडितला एवढा आनंद झाला की तो गाडीभोवती दोन चकरा मारून आला. आता काय, पाय उचलायचा नाही की झालं. तिसऱ्या फेऱ्याला तो ठरवून गेला, आणि देवी जवळ येताच अंगठा हॉर्नवर गेला. पाय उचललाच. चौथ्या फेऱ्यालाही तेच. देवाधर्माचा तो फारसा नव्हता. पण तिच्यासमोरून न सांगता निघून जायला त्याचं मन धजेना. हे त्यानं बायकोला मान खाली घालून सांगितलं.

सुनंदाबाईनं थोडा विचार केला आणि तोडगा काढला. "तुमचे हात मी जोडते. मी जाऊन बसते तठी, नारळ घेऊन. तुमी पाय नका उचलू."

पंडितला ते एकदम पटलं. मोटरची अर्थिंगची तार जशी एका जागी जमिनीत पुरून ठेवली की काम भागतं, तसं हे होतं. त्यानं नारळ आणून दिला. रस्ता बंद व्हायच्या आत सुनंदाबाई पिशवी घेऊन, रस्त्याकडेला बांधलेल्या दोरीच्या पलीकडून, पायवाटेनं घाट चढू लागली. जाताना ती ओळीत उभ्या असलेल्या गाड्यांपाशी थांबत, कोणाशी चार शब्द बोलत गेली. पंडित तेव्हा स्पार्क प्लग पुसत होता.

दुपारी शेवटची फेरी सुरू झाली. कालचा सर्वांत हळू तो आधी, पहिला तो शेवटी. पंडित आपल्या गाडीत बसून राहिला. पहिली फियाट खाली आली आणि आबांनी वेळ पुकारली, तेव्हा त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कालच्यापेक्षा पावणेदोन सेकंद कमी. दुसरी आली, तीही दोनाला टेकलेली. तिसरी आली ती सव्वादोननं कमी. घड्याळ बिघडलं की काय म्हणून तो उतरून आबांकडे गेला. आबांनी दोन्ही घड्याळं त्याच्यासमोर धरली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं परत आला. परत येता येता त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. माथ्यावरून हॉर्न ऐकू येत नव्हते.

सातवा अभिमन गेला आणि आला. दोन एकेचाळीस, नऊ कट्टे. गाडी लावून तो थेट पंडितच्या खिडकीशी आला. चेहरा उजळलेला होता, त्यात लपवाछपवी कुठंच नव्हती.

"पंडितभाऊ, वहिनी तठे बठ्ठासना वाटाना हात जोडी ऱ्हायनी," तो म्हणाला. "आते पाय कसाले उचलाना?"

पंडितच्या डोक्यात सणक गेली. सगळ्यांच्या वाटचे हात! रात्रभर जागून आपण दोष शोधला, आपल्या वहीत, आपल्या घड्याळावर, आणि या बाईनं तो भरितासारखा सगळ्या पंगतीला वाढून टाकला. मद्रासचा रस्ता तिनं स्वतःच्या हातानं अभिमनच्या ताटात ठेवला. बोलायला वेळ नव्हता. निशाण हातात घेतलेला माणूस त्याची वाट पाहत होता.

तो सुटला तो रागातच. पण रागानं हात बिघडले नाहीत, उलट नेमके झाले. पहिलं वळण त्यानं आदल्या दिवसापेक्षा आतून घेतलं. दुसऱ्याला ब्रेक उशिरा दाबला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जिथं दम सोडायचं, तिथं ते आज सोडत नव्हतं. फर्लांगाचे दगड एकामागून एक मागं पडत गेले. त्याला कळत होतं की हा फेरा आयुष्यातला सगळ्यात चांगला फेरा आहे. राग पाचव्या दगडापर्यंत टिकला, पुढं नुसती मजा उरली. आडवं काही येणार नाही, गाडी पळते आहे, आणि किती पळते हे आता कळणार आहे. सहावा दगड गेला. माथा आला. पाय तळाला टेकलेला होता आणि अंगठा हॉर्नकडे गेला नाही. देवीची काळजी वाहणारं माणूस तिथं बसलं होतं.

सातव्या दगडाशी त्याला कडुनिंब दिसला, ओटा दिसला, आणि ओट्यावर उभी असलेली सुनंदाबाई दिसली. दुपारभर ती बसून हात जोडत असणार. पण आता ती उठली होती. तिची पाठ देवीकडे होती आणि तोंड रस्त्याकडे. एक हात उन्हाला आड धरून, टाचा उंचावून, ती येणाऱ्या गाडीत कोण आहे ते पाहत होती.

पंडितचा पाय वर आला. अंगठ्यानं हॉर्न दोनदा दाबला. मग पाय खाली गेला आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली.

खाली आल्यावर आबांनी वेळ पुकारायच्या आधी दोन्ही घड्याळं त्याला दाखवली. दोन बेचाळीस, सहा कट्टे. सात कट्ट्यांनी अभिमन पुढं. माथ्यावरचे दोन सेकंद वजा केले तर काय आलं असतं, हा हिशेब करायला पंडितला वही लागली नाही. त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, फार वाईट वाटलं. अभिमनला त्यानं मिठी मारली, लोक काय बोलत होते त्याला मान हलवली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर तो एकटाच पायी घाट चढू लागला.

सुनंदाबाई ओट्यावर पिशवी आवरत होती. तिनं वेळ विचारली, त्यानं सांगितली. अभिमनची विचारली, तीही सांगितली. मग सगळ्यांना का सांगितलंस, असं त्यानं विचारलं. राग चढावरच कुठं तरी गळून पडला होता, त्यामुळं ते नुसतंच विचारल्यासारखं झालं.

"देवीपुढं हुभं राहून एकट्याचंच कसं मांगू?" ती म्हणाली. "तेबी कोनाचे तरी नवरे हायेत. पन आधी तुमचेच हात जोडले मी. मंग तुमी काहून पाय उचलला? मी हॉर्न आयकला."

"देवीसाठी नाही उचलला," पंडित म्हणाला. "तू उभी होती."

सुनंदाबाईनं पिशवीतून नारळ काढला. तिनं तो ओट्याच्या कडेवर फोडला, एक तुकडा देवीपुढं ठेवला आणि मोठा तुकडा नवऱ्याच्या हातात दिला. दोघं खोबरं चावत उतार उतरून गाडीपाशी आली.

भुसावळला पोचेस्तो दिवेलागण झाली होती. पंडितनं पेट्रोलसाठी गाडी त्याच पंपावर घेतली. पंपावरच्या माणसानं दोघांना ओळखलं आणि गालातल्या गालात हसत नळी टाकीला लावली. सुनंदाबाईनं दाराच्या कडीला हात घातला. मग म्हणाली, "उतरू का?"

"उतर ना," पंडित म्हणाला.

ती नळावर गेली. टाकी भरली, पैसे देऊन झाले. पंडितनं गाडी चालू केली आणि इंजिनात काही तरी बारीक टकटक त्याला ऐकू आली. घाटात कुठं तरी काही ढिलं झालं असावं. त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि दाराला टेकून नळाकडे तोंड करून उभा राहिला. सुनंदाबाईनं हात धुतले, पदराला पुसले, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नळ सोडून सावकाश दुसऱ्यांदा धुतले.